डॉ. होमी भाभा : तारापूरची वीज आणि चुकलेलं वेळापत्रक

नवी वीज केंद्रं नेहमी उशिरा का होतात आणि त्यांचा खर्च का फुगतो, हा प्रश्न बोईसर-तारापूर पट्ट्यात, म्हणजे कुंभवलीसारख्या गावात राहणाऱ्याला तरी नवा नाही. पण त्याचं उत्तर शोधायचं तर आधी एका माणसाचं आयुष्य पाहावं लागतं.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 ला मुंबईत, एका सधन पारशी घरात झाला. 1927 मध्ये ते इंजिनिअरिंग शिकायला केंब्रिजला गेले. ती पदवी घेतली खरी, पण मन रमलं ते भौतिकशास्त्रात. 1937 मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. 1939 ला सुट्टीसाठी भारतात आले, महायुद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. आधी बंगळुरू, मग 1945 मध्ये मुंबईत टीआयएफआर. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ऑगस्ट 1956 मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली.

आता मुद्द्याचं. भाभांचा हिशोब साधा होता. मुंबईच्या आसपास कोळसा नाही. तो शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने आणावा लागतो. अणुइंधन मात्र वजनाने एवढं कमी लागतं की वाहतुकीचा खर्च नगण्य. म्हणून खाणींपासून लांब असलेल्या भागात अणुवीज परवडेल, असं त्यांचं म्हणणं. तारापूरची निवड यातूनच झाली. 1960 मध्ये जगभरातून निविदा मागवल्या आणि 1964 मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला. हा करार 'टर्नकी' होता, म्हणजे कंपनीने बांधून, चालू करून किल्ली हातात द्यायची. शिवाय अमेरिकेकडून सुमारे 8 कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. व्याज फक्त पाऊण टक्का, परतफेडीला 40 वर्षं!

हे व्याज लक्षात ठेवा, कारण खरी मेख इथेच आहे. समजा 1000 कोटींचं केंद्र आहे आणि कर्ज 10 टक्क्यांनी. दरवर्षाच्या सुरुवातीला 200 कोटी उचलून पाच वर्षांत बांधलं, तर व्याजासकट साधारण 1343 कोटी होतात. तेच काम रेंगाळून दहा वर्षं चाललं, दरवर्षी 100 कोटी उचलले, तर 1753 कोटी. एकही वीट जास्त लागली नाही, तरी 410 कोटी वाढले! महागाई, बदललेले आराखडे, पुन्हा केलेलं काम हे सगळं वेगळंच. अणुकेंद्रात इंधन स्वस्त आणि बांधकाम महाग, त्यामुळे उशिराचा फटका त्याला जास्त बसतो. भाभांनी वाहतुकीचा हिशोब नीट मांडला, वेळेचा मात्र फार आशेने मांडला, असं मला वाटतं. 1980 पर्यंत 8000 मेगावॅट अणुवीज होईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या साली देशात होती सहाशेच्या आसपास. 1955 ला जिनिव्हात त्यांनी दोन दशकांत संलयन ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल असंही सांगितलं होतं. आपण अजून वाट पाहतोय.

तारापूर पूर्ण झालेलं त्यांना दिसलं नाही. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान माँ ब्लांवर कोसळलं, त्यात ते गेले. तारापूरचे पहिले दोन संच ऑक्टोबर 1969 मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाले. ठरल्यापेक्षा उशीर झाला, पण कर्ज स्वस्त असल्याने तो झेपला.

पुढे मात्र गाडी अडली. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या दुसऱ्या संचाचं बांधकाम 1968 ला सुरू झालं आणि व्यावसायिक वीज द्यायला 1981 उजाडलं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला होता आणि उरलेलं सगळं इथेच जमवावं लागलं. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडरचं काम 2004 मध्ये सुरू झालं, 2010 ची मुदत होती. त्याचा गाभा भरायला सुरुवात झाली ती 2024 ला. मूळ 3492 कोटींचा आकडा केव्हाच मागे पडला.

आणि तरी गंमत पाहा, तारापूरच्याच आवारात 540 मेगावॅटचा चौथा संच मार्च 2000 च्या पहिल्या काँक्रीटपासून पाच वर्षांत, मार्च 2005 मध्ये क्रिटिकल झाला, मुदतीच्या आधी. डिझाइन आपलं आणि माणसं आधीच्या केंद्रांवर घडलेली. त्या जागेसाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना मात्र घरं सोडावी लागली.