आल्बर्ट हाइम : कड्यावरून पडलेला शास्त्रज्ञ

विक्रोळी-भांडुपहून सुट्टीला सह्याद्रीत चढाईसाठी जाणाऱ्यांच्या घरी एक धास्ती असतेच. आपला माणूस कड्यावरून पडला, तर त्या क्षणी त्याला काय सोसावे लागेल? हा प्रश्न शास्त्रज्ञाच्या चिकाटीने हाताळला तो स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हाइम यांनी.

१८४९ मध्ये झ्युरिक येथे जन्मलेले हाइम हे आल्प्स पर्वताच्या घडणीचे मोठे अभ्यासक. १८७१ मध्ये झेंटिस पर्वतावरून उतरताना वाऱ्याने त्यांची टोपी उडाली. ती पकडायला गेले आणि तोल गेला. सुमारे २० मीटर खाली बर्फावर ते आदळले. पडताना त्यांना भीती वाटली नाही. ठरलेले व्याख्यान आता होणार नाही, घरी बातमी कशी कळेल, असे विचार झरझर येऊन गेले. गतायुष्य रंगमंचावरच्या प्रवेशांसारखे दिसले.

१८७३ मध्ये ते झ्युरिकमध्ये भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. दगडांचे नमुने जमवणाऱ्या हाइम यांनी माणसांचे अनुभवही जमवले. त्यात पडून वाचलेले गिर्यारोहक होते, छपरावरून पडलेले कामगार होते, जखमी सैनिकही होते. १८९२ मध्ये स्विस अल्पाइन क्लबच्या वार्षिकात त्यांनी निष्कर्ष मांडले. बहुतेकांना वेदना किंवा भीती जाणवली नव्हती. विचारांचा वेग वाढला होता, काळ लांबला होता, मन शांत होते. पडणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याचे हाल अधिक, असे त्यांचे मत झाले. माणूस गमावलेल्या कुटुंबांना त्यातून धीर मिळावा, ही त्यांची इच्छा होती.

हाइम १९३७ मध्ये निवर्तले. १९७२ मध्ये त्यांचा लेख इंग्रजीत आला. १९८३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी अशा अनुभवांसाठी १६ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक उत्तराला ० ते २ गुण, एकूण ३२. सात किंवा अधिक गुण पडले, तर तो मृत्युसमीप अनुभव मानला जातो. काळाचा बदललेला वेग, विचारांची गती, गतायुष्याची दृश्ये, शांतता या हाइम यांनी टिपलेल्या खुणा तिच्यातही आहेत. मात्र अनुभवाचे रूप सगळीकडे एकच नसते. सतवंत पसरिचा व इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या भारतीय कथनांत यमदूत चुकीच्या माणसाला नेतात आणि चूक कळल्यावर परत पाठवतात.

प्रश्नावलीतून अनुभवाची खोली कळते, मृत्यूनंतर काय ते कळत नाही. शिवाय उत्तरे देतात ती वाचलेलीच माणसे. हाइम यांनी दिलेला धीरही त्यांच्याच साक्षीवर उभा आहे.