विश्लेषण : वनखात्याच्या पहिल्या प्रमुखालाच हवी होती ‘ग्रामवने’; मग ती कागदावरच का राहिली?

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाचे जंगल गावाने सांभाळावे, ही सूचना त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झाली होती. ती करणारे कुणी आंदोलक नव्हते, तर भारताचे पहिले वन महानिरीक्षक डिट्रिश ब्रँडिस होते.

कोण होते ब्रँडिस?

जर्मनीतील बॉन येथे १८२४ मध्ये जन्मलेले ब्रँडिस वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दीत १८५६ मध्ये त्यांच्याकडे ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची जबाबदारी आली. तेथे फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांना हुसकावण्याऐवजी त्यांनी कामात सामील करून घेतले. शेतकऱ्याने पिकासोबत साग लावायचा, जगलेल्या रोपांचा मोबदला घ्यायचा आणि पुढच्या जागेकडे वळायचे, अशी ही ‘टाँग्या’ पद्धत. जंगलावर मालकी मात्र सरकारचीच राहिली.

वाद काय होता?

रेल्वेच्या स्लीपरसाठी साग, साल आणि देवदाराची मागणी वाढली. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि ब्रँडिस त्याचे प्रमुख झाले. १८६५ चा वन कायदा अपुरा ठरल्यावर नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली. गावकऱ्यांची चराई, सरपण ही केवळ सवलत असून लेखी पुरावा नसेल तर जंगल सरकारचेच, असे बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे होते. ब्रँडिस यांना वहिवाटही हक्कच वाटत होती. मोक्याची जंगले सरकारने राखावीत, पण त्यांच्या जोडीला युरोपातील गावांप्रमाणे इथल्या गावांचीही स्वतःची वने असावीत, असा त्यांचा आग्रह होता. देवरायांची परंपरा त्यांनी आवर्जून नोंदवली होती.

ग्रामवने का झाली नाहीत?

१८७८ च्या कायद्यावर बेडन-पॉवेल यांच्या मताची छाप पडली. ग्रामवनाची तरतूद राहिली, पण त्यात एक मेख होती. जमीन आधी ‘राखीव वन’ व्हायची आणि मगच सरकार ती गावाकडे सोपवू शकत होते. म्हणजे गावाने आधी जंगल गमवायचे आणि नंतर ते परत मिळण्याची वाट पाहायची. त्यामुळे ही तरतूद बहुतांशी वापराविना राहिली. १९२७ च्या कायद्यात ती कलम २८ म्हणून कायम राहिली.

पुढे काय झाले?

ब्रँडिस १८८३ मध्ये निवृत्त झाले. १९०६ मध्ये त्यांचा ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ आला आणि १९०७ मध्ये बॉन येथे त्यांचे निधन झाले. कुमाऊँत जंगलबंदीविरोधातील असंतोषानंतर १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. १९९० मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण आले, पण त्यात अंतिम अधिकार वनखात्याकडेच राहिला. गावाचा हक्क आधीपासूनच आहे, हे कायद्याने मान्य केले ते २००६ च्या वनहक्क कायद्यात.