फुप्फुसाची वाट दाखवणारे हकीम : इब्न अल्-नफीस

आपण दर मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. झोपेतही हे काम थांबत नाही, म्हणून त्याचे आपल्याला नवलही वाटत नाही. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बाहेर सोडलेल्या हवेत तो १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. उलट कार्बन डायऑक्साइड वायू आत जाताना अगदी नाममात्र असतो, तो बाहेर येताना सुमारे ४ टक्के होतो. ही देवाणघेवाण फुप्फुसात, हवा आणि रक्त यांच्यामध्ये होते. पण रक्त फुप्फुसात जाते कोणत्या वाटेने? हे प्रथम बरोबर सांगण्याचा मान तेराव्या शतकातील एका हकिमाकडे जातो. त्यांचे नाव अलाउद्दीन अली इब्न अल्-नफीस.

त्यांचा जन्म १२१० च्या सुमारास दमास्कस परिसरात झाला. दमास्कसला सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी बांधलेला नूरी बिमारिस्तान, म्हणजे इस्पितळ, होता. तेथे रुग्णसेवा आणि अध्यापन दोन्ही चाले. या परंपरेत, अल्-दख्वार या नामांकित वैद्यांच्या हाताखाली इब्न अल्-नफीस तयार झाले. पुढे ते कैरोला गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच काढले. ते नुसते हकीम नव्हते. शाफई फिक्हचे ते जाणकार होते आणि कैरोच्या मदरशात तो विषय शिकवीत. व्याकरण, तर्कशास्त्र, हदीस यांवरही त्यांनी लेखन केले.

त्या काळी वैद्यकात जालीनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, यांचा शब्द अखेरचा मानला जाई. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून पाझरून डाव्या कप्प्यात जाते, अशी त्यांची शिकवण होती. इब्ने सिना यांच्या 'अल्-कानून' या महान ग्रंथानेही मुख्यतः तीच परंपरा पुढे चालवली. हजार वर्षांहून अधिक काळ हे मत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जात होते.

१२४२ साली, वयाच्या तिशीच्या आसपास, इब्न अल्-नफीस यांनी 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी निःसंकोच सांगितले की हा पडदा जाड व भरीव आहे. त्यात दिसणारे किंवा न दिसणारे कोणतेही छिद्र नाही. तेव्हा उजव्या कप्प्यातील रक्त धमनीवाटे फुप्फुसात जाते, तेथे पसरून हवेत मिसळते आणि शिरेवाटे डाव्या कप्प्यात येते. फुप्फुसातील धमनी व शीर यांच्यामध्ये सूक्ष्म मार्ग असले पाहिजेत, असेही त्यांनी तर्काने ताडले. सूक्ष्मदर्शक यंत्र तेव्हा नव्हते. बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या इटलीच्या माल्पीगी यांनी १६६१ साली प्रत्यक्ष पाहिल्या.

आजच्या ज्ञानाने ही वाट अधिक स्पष्ट दिसते. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांची भिंत व केशवाहिनीची भिंत मिळून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी पातळ असते. तेवढ्यातून प्राणवायू रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विश्रांती घेत असतानाही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त या वाटेने जाते. माशाच्या हृदयातून रक्त आधी कल्ल्यांत जाते व तेथून अंगभर फिरते. बेडकाच्या हृदयाचा खालचा कप्पा एकच असतो. तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. पक्षी व सस्तन प्राणी यांच्या हृदयात मात्र पूर्ण पडदा असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. आज एखाद्या बालकाच्या या पडद्याला छिद्र असले, तर डॉक्टर त्याला दोष समजतात.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, इब्न अल्-नफीस यांना प्राणवायूची माहिती नव्हती. त्याचा शोध अठराव्या शतकातला. सर्व शरीरातील रक्ताभिसरणाचा उलगडाही इंग्लंडच्या हार्वे यांनी १६२८ साली केला. परंतु फुप्फुसाची वाट त्याआधी जवळजवळ चार शतके कागदावर उतरली होती.

इब्न अल्-नफीस यांची लेखणी विलक्षण वेगवान होती. त्यांच्याविषयी सांगतात की, एकदा हम्माममध्ये स्नान अर्धवट टाकून ते बाहेर आले, दौत-लेखणी मागवून नाडीवरील प्रबंध लिहून काढला आणि मग उरलेले स्नान पुरे केले. वैद्यकावरचा तीनशे खंडांचा विश्वकोश त्यांनी योजला होता. त्याचे ऐंशी खंड पूर्ण झाले असे म्हणतात. त्यांचा 'मुजिझ' हा 'कानून'चा सारग्रंथ हिंदुस्थानातील युनानी हकिमांनीही अभ्यासला. १२८८ साली त्यांचे निधन झाले. शेवटच्या आजारात औषध म्हणून सुचवलेली मदिरा त्यांनी नाकारली, असे चरित्रकार सांगतात. आपले घर व ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सूरी बिमारिस्तानला देऊन टाकला.

आणि त्यांच्या शोधाचे काय झाले? त्यांचा सारग्रंथ सर्वत्र वाचला गेला, पण शोध मांडणाऱ्या भाष्याकडे पुढे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अखेर १९२४ साली जर्मनीत शिकणारे तरुण इजिप्शियन डॉक्टर मुहियुद्दीन अल्-ततावी यांनी बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचले आणि ही गोष्ट जगापुढे आणली. मधे ६८२ वर्षे गेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, इब्न अल्-नफीस यांनी जालीनूस आणि इब्ने सिना यांचा अनादर केला नाही. त्यांनी ते ग्रंथ मन लावून वाचले, आणि जेथे पटले नाही तेथे कारण देऊन तसे लिहिले. पालकांनाही एक विनंती. मूल पुस्तकातल्या वाक्यावर शंका काढील, तेव्हा त्याला उद्धट म्हणून गप्प करू नका. आणि पूर्वजांच्या मोठेपणाचा अभिमान बाळगताना त्यांचे ग्रंथ उघडून वाचणारी मुलेही आपल्या घरात तयार करा. नाही तर कपाटात शोध असूनही घर अज्ञानात राहते.