हसण्यावारी गेलेला शोध

दाढदुखी म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या गावी दाढेखाली लवंग धरून रात्र काढतात आणि अगदीच असह्य झाले तर अमरावती नाही तर अकोला गाठतात. दाढ न दुखता निघू शकते, हे जगाला पटवू पाहणाऱ्या होरेस वेल्सचे चरित्र वाचले आणि मन हेलावले.

वेल्सचा जन्म १८१५ चा. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात तो दंतवैद्य होता. नायट्रस ऑक्साइड हुंगल्याने वेदना शमते, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग व्हावा, असे इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८०० मध्येच लिहून ठेवले होते. पण लोकांनी त्याला हास्यवायू म्हटले आणि त्याचे खेळ लावले. १० डिसेंबर १८४४ रोजी वेल्स असाच एक खेळ पाहायला गेला. वायू हुंगलेल्या एकाच्या पायाला जखम झाली, पण त्याला तिचा पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. दुखले नाही.

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला त्याने जाहीर प्रयोग केला. हा वायू श्वासावाटे जसा झटकन अंगात भिनतो, तसाच झटकन उतरतो. वायूची पिशवी लवकर बाजूला झाली आणि रोगी ओरडला. सभागृहात हशा पिकला. वेल्स भोंदू ठरला. फारसे दुखले नाही, असे त्या रोग्याने मागाहून सांगितले, पण तोवर सभा उठली होती.

पुढल्याच वर्षी त्याचा जुना सहकारी मॉर्टन याने बोस्टनलाच ईथरचा प्रयोग यशस्वी केला आणि त्याचे पेटंटही घेतले. वेल्सने मात्र आपला शोध सर्वांसाठी मोकळा ठेवला होता. पुढे क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याचे मन बिघडले आणि १८४८ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आत्महत्या केली. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने त्याला श्रेय दिले ते १८६४ मध्ये. आज तोच वायू प्राणवायूत मिसळून दातांच्या उपचारांत आणि बाळंतपणात वापरतात.

मित्रहो, घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात कोणी अडखळले की मागच्या बाकांवरून येणारे हसू मला चांगले ठाऊक आहे. बोस्टनच्या त्या सभागृहात हसणारेही बरेचसे विद्यार्थीच होते.