वकिली सोडली अन् कुलूप घडवलं : अर्देशीर गोदरेज

घराघरांत गोदरेजचं कुलूप नाहीतर कपाट दिसतंच. पण हे नाव सुरू केलं ते मुळात एका वकिलानं. अर्देशीर गोदरेज यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईच्या पारशी घरातला. एका खटल्यासाठी ते १८९४ मध्ये झांझिबारला गेले. पक्षकारासाठी खरं-खोटं करायला मन तयार होईना, म्हणून वकिलीच सोडून परत आले.

मेरवानजी कामा यांच्याकडून ३ हजार रुपये उसने घेऊन त्यांनी ऑपरेशनची हत्यारं बनवली. माल चांगला होता, पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको, अशी गिऱ्हाइकाची अट. अर्देशीर अडून बसले. धंदा बुडाला, पण शिक्का काढला नाही!

मग १८९७ मध्ये लालबागला छोट्या शेडमध्ये कुलपांचं काम सुरू झालं. कुलपाच्या पोटात लिव्हर म्हणजे धातूच्या पट्ट्या असतात. योग्य किल्ली त्या नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच दांडा सरकतो. पट्ट्या जागेवर दाबून धरायला स्प्रिंग असते. ती गंजली किंवा तुटली की किल्ली हातात असूनही माणूस दाराबाहेर. अर्देशीर यांनी हेच दुखणं हेरलं आणि बिनस्प्रिंगचं कुलूप काढलं.

पुढं तिजोऱ्या आल्या, वनस्पती तेलाचा साबण आला. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. १९२८ मध्ये कारभार भाऊ पिरोजशा यांच्या हाती देऊन ते चक्क नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.