सर आर्थर कॉनन डॉइल : हास्य आणि न्याय

एखाद्या ग्रंथाची थट्टा होऊं लागली म्हणजे त्याची किंमत उतरली, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें बहुधा याच्या उलट असतें. ज्याची ओळखच कोणास नाहीं, त्याची नक्कल केली तर हंसणार कोण? सन १९७८ मध्यें ‘दि हाउंड ऑफ दि बास्करव्हिल्स’ या प्रसिद्ध डिटेक्टिव्ह कादंबरीवर एक विनोदी बोलपट निघाला. पॉल मॉरिसे हे त्याचे दिग्दर्शक होते. पीटर कुक शेरलॉक होम्स झाले, आणि डडले मूर यांनीं डॉ. वॉटसनबरोबर होम्सच्या आईचेंही सोंग घेतलें! मूळ कादंबरींत या आईचा मागमूसही नाहीं. टीकाकारांस हा बोलपट रुचला नाहीं व तो लवकरच मागें पडला; कादंबरी मात्र जेथल्या तेथें उभी आहे. बोलपट निघाला तेव्हां तिच्या कर्त्यास जाऊन ४८ वर्षें झालीं होतीं. ते हयात असते तर रागावले असते काय? त्यांचें चरित्र पाहतां आम्हांस तसें वाटत नाहीं. कशास हंसूं द्यावें आणि कशास कदापि हंसूं देऊं नये, हें ज्यांस नेमकें उमगलें होतें अशा थोड्या लेखकांपैकीं ते एक होते. म्हणून त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी अशी आमची इच्छा आहे.

आर्थर कॉनन डॉइल यांचा जन्म ता. २२ मे १८५९ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. वडील चित्रकार होते, परंतु मद्यपानाच्या व्यसनानें त्यांच्या आयुष्याची माती केली आणि घरांत दारिद्र्य आलें. संसाराचा गाडा आईनें ओढला. ती माउली गोष्टी सांगण्यांत मोठी कुशल होती. मुलाच्या अंगीं कथेची गोडी आली ती तिच्याच मुखांतून. शालेय शिक्षण संपल्यावर सन १८७६ मध्यें आर्थर एडिंबरोच्या विश्वविद्यालयांत वैद्यकी शिकूं लागले. तेथें डॉ. जोसेफ बेल नांवाचे शस्त्रवैद्य शिकवीत असत. रोगी दारांतून आंत आला कीं, त्याचे हात, चाल व कपडे पाहून त्याचा धंदा काय, तो कोठून आला, हें ते सांगून टाकीत. शिष्यांस तो चमत्कार वाटे. पण त्यांत चमत्कार नव्हता, लक्षपूर्वक पाहण्याची संवय होती. शिक्षण चालू असतांच, सन १८८० मध्यें, आर्थर एका देवमाशांच्या शिकारी जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत सफर करून आले.

सन १८८२ मध्यें त्यांनीं पोर्टस्मथजवळ साउथसी येथें दवाखाना उघडला. रोगी थोडे आणि वेळ पुष्कळ, अशी स्थिति असल्यामुळें ते रिकाम्या वेळीं लिहीत बसत. डॉ. बेल यांची आठवण मनांत धरून त्यांनीं शेरलॉक होम्स हा डिटेक्टिव्ह कल्पिला. त्याची पहिली कादंबरी सन १८८७ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या सर्व हक्कांबद्दल त्यांस अवघे २५ पौंड मिळाले. सन १८९१ मध्यें ते नेत्रवैद्य होऊन लंडनला आले. तेथेंही रोगी फिरकले नाहींत. परंतु डोळ्यांविषयींचें हें ज्ञान पुढें एका निरपराध माणसाच्या कामीं यावयाचें होतें.

त्याच वर्षीं ‘स्ट्रँड’ मासिकांत होम्सच्या लघुकथा येऊं लागल्या आणि कीर्ति घरीं चालत आली. पण कॉनन डॉइल यांचें मन ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमलें होतें. होम्समुळें आपलें चांगलें लेखन झांकोळतें असें त्यांस वाटूं लागलें. म्हणून सन १८९३ मध्यें त्यांनीं स्वित्झर्लंडांतील राइखेनबाख धबधब्याच्या कड्यावर त्याचा शेवट करून टाकला. वाचक खवळले, पण लेखक बधले नाहींत. पुढें सन १९०१ मध्यें फ्लेचर रॉबिन्सन या मित्राच्या तोंडून पिशाच्च कुत्र्याची एक दंतकथा त्यांनीं ऐकली, आणि डार्टमूरच्या ओसाड माळावर घडणारी ‘हाउंड’ ही कादंबरी जन्मास आली. ती होम्सच्या मृत्यूपूर्वींची हकीकत म्हणून लिहिली होती. सन १९०३ मध्यें मात्र त्यांनीं त्यास खरोखरच जिवंत केलें. एकंदर ४ कादंबऱ्या व ५६ लघुकथा एवढा होम्सचा संसार आहे.

‘हाउंड’चें सार थोडक्यांत असें. एका जुन्या घराण्यास अक्राळविक्राळ कुत्र्याचा शाप आहे अशी समजूत असते. घरचा धनी अकस्मात् मरतो, प्रेताजवळ कुत्र्याचे पंजे उमटलेले दिसतात, आणि सर्वांची मति भयानें गुंग होते. होम्स मात्र शापाचा विचार सोडून पुरावा पाहतो. आणि त्या भुतामागें एका लोभी माणसाचें कारस्थान उघडकीस येतें. अफवेपुढें पुरावा ठेवावा, एवढाच या कथेचा धडा आहे.

असा हा लोकप्रिय होम्स! त्याची पहिल्याप्रथम थट्टा करणारांत स्वतः त्याचा जनकच होता. सन १८९३ मध्यें कॉनन डॉइल व त्यांचे मित्र जेम्स बॅरी या दोघांनीं मिळून लिहिलेलें एक संगीत नाटक सपशेल पडलें. तेव्हां बॅरी यांनीं या फजितीवरच होम्सची एक विनोदी कथा रचून मित्रास भेट दिली. कॉनन डॉइल यांनीं ती जपून ठेविली, आपल्या आत्मचरित्रांत छापिली, आणि होम्सच्या सर्व नकलांत तीच उत्तम असा निर्वाळा दिला. सन १८९६ मध्यें आपल्या जुन्या विश्वविद्यालयाच्या क्रिकेटच्या पॅव्हिलियनसाठीं निधि जमत होता. त्यास साहाय्य म्हणून त्यांनीं तेथील विद्यार्थ्यांच्या नियतकालिकासाठीं होम्सची एक छोटी गमतीची गोष्ट स्वतः लिहून दिली. पुढें राणी मेरीच्या बाहुलीघरांतील चिमुकल्या ग्रंथालयासाठीं त्यांनीं अशीच आणखी एक लिहिली. तींत वॉटसन होम्सची विद्या चालवूं पाहतो आणि त्याचें प्रत्येक अनुमान चुकतें.

परंतु हेच विनोदी गृहस्थ एका प्रसंगीं किती गंभीर झाले तें आतां पाहूं. ही हकीकत आपल्या मुंबईशीं जोडलेली आहे. शापुरजी एदलजी हे मुंबईच्या पारशी कुळांत जन्मले, ख्रिस्ती झाले, आणि इंग्लंडांत जाऊन स्टॅफर्डशर परगण्यांतील ग्रेट वायर्ली या खेड्यांत धर्मगुरु झाले. तेथें त्यांनीं चाळीसांहून अधिक वर्षें सेवा केली. त्यांची पत्नी इंग्रज होती. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज वकील झाला. रेल्वेच्या कायद्यावर त्यानें एक उपयुक्त पुस्तकही लिहिलें होतें. परंतु या परक्या वंशाच्या कुटुंबास निनावी पत्रांनीं वर्षानुवर्षें छळलें. सन १९०३ मध्यें गांवाच्या आसपास रात्रीं कोणी तरी घोड्यांची व गुरांची पोटें फाडूं लागला. संशय जॉर्जवर आला, आणि दुबळ्या पुराव्यावर त्यास सात वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटकेसाठीं हजारों लोकांनीं अर्ज केला. तीन वर्षांनीं, सन १९०६ मध्यें, त्यास सोडण्यांत आलें. पण कां सोडलें तें कोणी सांगितलें नाहीं. कपाळीं कलंक तसाच राहिला, आणि वकिलीही गेली.

त्यानें आपली कैफियत कॉनन डॉइल यांस लिहून पाठविली. त्याच वर्षाच्या जुलैमध्यें त्यांची पत्नी दीर्घ क्षयरोगानें निवर्तली होती व त्यांचें कशांतही चित्त लागत नव्हतें. तरीही त्यांनीं कागद वाचले आणि जॉर्जला लंडनच्या एका हॉटेलांत भेटीस बोलाविलें. ते पोहोंचले तेव्हां जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. त्यानें तें अगदीं डोळ्यांजवळ आणि किंचित् तिरपें धरलें होतें. त्या नेत्रवैद्यानें क्षणभर दुरूनच पाहिलें आणि दृष्टिदोष किती भारी आहे तें ओळखलें. ज्यास कांहीं पावलांवरचें धड दिसत नाहीं, तो काळोख्या रात्रीं शेतें तुडवीत, रेल्वेचे रूळ ओलांडीत, पहारेकऱ्यांस चुकवून जनावर कसें गांठील? दवाखान्यांत रोगी आले नाहींत, पण ती विद्या फुकट गेली नव्हती.

कॉनन डॉइल यांनीं कित्येक महिने या कामास वाहिले; मोबदला म्हणून एक पैही घेतली नाहीं. जानेवारी १९०७ मध्यें ‘डेली टेलिग्राफ’ पत्रांत त्यांनीं सर्व पुरावा मांडला आणि तो कोणत्याही पत्रानें खुशाल छापावा म्हणून आपला हक्क सोडून दिला. देशभर खळबळ उडाली. मे महिन्यांत सरकारनें जॉर्जला गुन्ह्याबद्दल माफी दिली, परंतु निनावी पत्रांचा ठपका त्याच्यावरच ठेवून भरपाई नाकारली. न्याय मिळाला तो अर्धाच. तथापि वकिलीची सनद त्यास परत मिळाली. आणि इंग्लंडांत फौजदारी अपिलांचें न्यायालय त्याच वर्षीं कायद्यानें स्थापन झालें, त्यास हें प्रकरणही एक कारण झालें. त्या वर्षीं कॉनन डॉइल यांनीं दुसरा विवाह केला. त्या समारंभास जॉर्ज एदलजी पाहुणा म्हणून उपस्थित होता.

पुढें ऑस्कर स्लेटर या परदेशी ज्यू माणसास सन १९०९ मध्यें ग्लासगो येथील एका खुनाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें, तेव्हांही त्यांनीं लेखणी उचलली. स्लेटरची राहणी त्यांस मुळींच पसंत नव्हती. पण न आवडणाऱ्या माणसासही न्याय हवा, हें त्यांनीं जाणलें. सन १९१२ मध्यें त्यांनीं पुस्तिका लिहिली. स्लेटर सुटला सन १९२७ मध्यें, आणि पुढच्या वर्षीं त्याची शिक्षा रद्द ठरली. इतकी वर्षें त्यांनीं तो विषय सोडला नाहीं.

त्यांच्या चरित्रांत एक दुबळी बाजूही आहे, आणि ती झांकणें योग्य होणार नाहीं. उतारवयांत ते मृतात्म्यांशीं बोलण्याच्या नादीं लागले. महायुद्धाच्या अखेरीस थोरला मुलगा गेला, त्यानंतर ही श्रद्धा फारच बळावली. यॉर्कशरमधील दोन मुलींनीं काढलेलीं पऱ्यांचीं छायाचित्रें त्यांनीं खरीं मानलीं आणि सन १९२२ मध्यें त्यांवर पुस्तक लिहिलें. त्या पऱ्या कागदाच्या कापलेल्या आकृति होत्या, हें त्याच मुलींनीं म्हातारपणीं, सन १९८३ मध्यें, कबूल केलें. दुसऱ्याच्या डोळ्यांतील दोष क्षणांत ओळखणारा पुरुष स्वतःस हवें तें पाहतांना फसला. जें खरें असावें असें आपणांस वाटतें, त्याचा पुरावा आपण अधिक कसून तपासला पाहिजे.

ता. ७ जुलै १९३० रोजीं सर आर्थर कॉनन डॉइल यांचें निधन झालें. जॉर्ज एदलजी त्यानंतरही बरीच वर्षें जगला, आणि वकील म्हणून जगला.

डिटेक्टिव्ह गोष्टींनीं मुलें बिघडतात अशी तक्रार पालकवर्गाकडून आमच्या कानीं येते. आमची विनंति एवढीच कीं, मुलांस त्या गोष्टी वाचूं द्याव्या, त्यांवरील विनोदी बोलपट पाहून खदखदां हंसूंही द्यावें. आणि नंतर जॉर्ज एदलजीची हकीकत सांगावी. विद्यार्थी मित्रहो, वर्गांत कोणाचें पेन हरवतें, आणि गरीब किंवा नवख्या मुलाकडे सर्वांचीं बोटें वळतात. अशा वेळीं हंसणाऱ्यांत मिसळूं नका. थांबा, नीट पहा, आणि पुरावा काय तें विचारा. त्यासाठीं शेरलॉक होम्सची अलौकिक बुद्धि लागत नाहीं. थोडें धैर्य लागतें.