उलट्या वायरिंगचा शोध

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! गेल्या वर्षी माझा दादा बाईकवरून पडला, मज्जारज्जूची उजवी बाजू दुखावली. उजवा पाय हलेना, पण चटका कळेना डाव्या पायाला! डॉक्टरांनी एक नाव सांगितलं, ब्राउन-सेकार.

हा १८१७ साली मॉरिशसला जन्मला. वडील त्याआधीच गेलेले. पॅरिसमध्ये गरिबीत राहून त्याने प्राण्यांचा मज्जारज्जू अर्धाच कापून पाहिला. हालचालीची वायर मेंदूच्या तळाशी बाजू बदलते. वेदनेची मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच. म्हणून अर्धी केबल तुटली की असा घोळ! १८७८ साली तो क्लोद बर्नारच्या जागी प्राध्यापक झाला, १८९४ मध्ये वारला.

दादा आता काठी घेऊन चालतो. आपण डायग्राम बघून फॉल्ट शोधतो. या माणसाने फॉल्ट बघून डायग्राम काढला!